नवमीचं पाणी

कल्याणच्या बंदरावर आता बंदर म्हणावं असं काही उरलेलं नाही. गेल्या महिन्यात एका लग्नाला गेले होते, तेव्हा मांडवातल्या गलबल्यातून सुटून एकटीच खाली उतरले. धक्क्याच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात, बाकीच्या गाळात गेल्या. एक म्हैस डोळे मिटून पाण्यात बसली होती. ओहोटी होती. आणि मग वारा फिरला आणि तो वास आला, खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलाचा. थोडा मिठाचा, थोडा कुजलेल्या पानांचा. नाकाला पदर लावावा असाच वास आहे. मी लावला नाही.

नातवंडांनो, तुमच्या मोंबासाच्या घरात खिडकी उघडली की समुद्र दिसतो. माझ्या लहानपणी समुद्र ही ऐकायची गोष्ट होती. आमची उल्हास नदी दिवसातून दोनदा फुगायची आणि दोनदा उतरायची. आजी म्हणायची, समुद्र तिला भेटायला येतो. म्हणजे रोज दोनदा समुद्र आमच्या दारापर्यंत यायचा, आणि मी कधी त्याला पाहिलेलं नव्हतं. भरतीच्या वेळी पायरीवर बसून मी पाण्यात बोट बुडवायची आणि चाखायची. खारट लागलं की आला, असं समजायची.

माझ्या आजोबांचा लाकडाचा आणि तांदळाचा व्यापार होता, तेव्हा त्यांचे मोठे पडाव या बंदराला लागत. आगगाडी आली आणि ते सगळं एकेक करून गेलं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, वाट्याला एक मचवा उरला. मचवा म्हणजे एका शिडाची छोटी होडी. आबा कल्याणला वकिली करत. वकिलाला होडी कशाला हवी, हे कोणालाच समजत नसे. आळीत तिला ‘वकिलांचं गलबत’ म्हणत.

‘‘आबासाहेब, ठाण्याला गाडी पाऊण तासात जाते,’’ कोणीतरी चिडवायचं.

‘‘जाते ना. म्हणून तर मी होडीने जातो. पाऊण तासात बघून काय होतं?’’

दर पावसाळ्याआधी मचवा वर ओढून उलटा घालत आणि त्याला चुना आणि तेल चोपडत. त्या तेलाचा वास मला अजून मोठ्या सुट्टीचा वास वाटतो. होडी चालवायला पोशा तांडेल होता, खाडीकाठच्या आगरी वस्तीतला. आवाज मोठा आणि चेष्टेला मर्यादा नाही.

‘‘काय गो बाय, दर्या बघाचा हाय तुला?’’ तो मला म्हणायचा. ‘‘वाटी घेऊन ये. वाटीत मावतो का बघू.’’

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. तिच्याविषयी मला थोडंच आठवतं. ओल्या केसांतला शिकेकाईचा वास, आणि जात्यावर बसली की एक पाय लांब करून बसायची तो पाय. दुसऱ्या वर्षी आबांनी पुन्हा लग्न केलं आणि वहिनी घरात आली. घरातली धाकटी माणसं तिला वहिनी म्हणत म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले, आणि मग ते नाव बदललंच नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक लहानसा टाक होता. तुम्ही असले दागिने पाहिले नसतील. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीची प्रतिमा गळ्यात घालायची, सणावाराला तिला आधी हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. नाहीतर सवत कोपते, असं बायका म्हणत. त्या टाकावर पुसटसं नाकडोळे असलेली एक बाई होती. ती माझी आई होती. वहिनी मला कुशीत घ्यायची तेव्हा तो टाक माझ्या कपाळाला लागायचा. थंडीत गार लागायचा.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत कचेऱ्या बंद झाल्या आणि आबा एका संध्याकाळी म्हणाले, ‘‘उद्या पहाटे निघू. वसईपर्यंत जाऊ. हिला समुद्र दाखवू.’’

मी त्या रात्री झोपले नाही असं घरात पुढे पुष्कळ वर्षं सांगत. पहाटे वहिनी उठली तेव्हा मी पायांत वाळे घालून, शाल पांघरून उंबऱ्यावर बसले होते. घरात आम्ही तिघंच होतो. आजी पेणला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. वहिनी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि आतून वड्यांचा वास येऊ लागला. मधेच ती देवघरात गेली आणि तिथे तिच्या कुजबुजण्याचा आवाज आला. स्तोत्र म्हणत असेल असं मला वाटलं.

भरती पुरी भरली होती तेव्हा आम्ही निघालो. पाण्यावर धुकं होतं, आणि दुर्गाडीचा किल्ला नुसता एका काळ्या डागासारखा. पोशाने आणि त्याच्या भावाने बांबूने होडी लोटली. काठाचा आधार सुटताना होडीच्या बुडाखाली जो एक बारीक हलकेपणा येतो, तो मला आयुष्यात पुढे कशानेच मिळाला नाही. बोटीनेही नाही. बोट फार मोठी असते.

‘‘आज पानी सुस्त हाय,’’ पोशा म्हणाला. ‘‘भांगाचा पानी. उधान असता तं फेकली असती होरी वसईला.’’

भांग म्हणजे चढउतार कमी असलेलं पाणी, हे मला ठाऊक होतं. पण मला भांग म्हटलं की केसांतला भांगच आठवायचा. मी मागे वळून पाहिलं तर होडीने पाण्यात खरोखरच भांग पाडला होता, सरळ, आणि तो दोन्ही काठांपर्यंत हळूहळू मोडत जात होता. आबा हसले. वहिनी हसली नाही. तिचं डोकं पदराखाली होतं आणि हात मांडीवरच्या डब्यावर.

डोंबिवलीच्या बाजूला भाताची खळी झाली होती. पेंढ्याच्या उडव्या धुक्यातून वर आलेल्या. कुठे शेकोटीचा धूर, कुठे वालाच्या शेंगा उकडल्याचा वास. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना एकदम गार झालं, आणि डोंगरात कुठेतरी आगगाडीची शिट्टी वाजली. आबांनी टोपी काढून गाडीला नमस्कार केला. पुढे मिठागरं लागली. पांढऱ्या राशी उन्हात अशा दिसत की बघितलं की डोळे मिटत. कोलशेतच्या अलीकडे चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या आणि बगळे त्यांच्यामागे मोठ्या गांभीर्याने पावलं टाकत होते. ‘‘कोर्टातले बेलिफ,’’ आबा म्हणाले. मी इतकी हसले की मला उचकी लागली. आबा असे घरी कधी नसत. घरी त्यांच्या आणि आमच्यामध्ये नेहमी पक्षकारांचे जोडे असत.

मी हे सगळं सांगते आहे कारण तो दिवस सुखाचा होता. माझ्या बालपणातला सगळ्यात सुखाचा. हे आधी सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

घोडबंदरच्या अलीकडे, डोंगर पाण्यात उतरतो तिथे, एका चिंचेखाली आम्ही जेवायला उतरलो. ओहोटी चालूच होती. वहिनीने केळीची पानं मांडली आणि डबा उघडला. आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, वडे, आणि पितळी चंबूत तांदळाची खीर. आम्हाला कडकडून भूक लागली होती. आबा दोन वडे खाऊन तिसरा घेत म्हणाले, ‘‘आज काय थाट!’’ वहिनीने एका पानाच्या तुकड्यावर थोडं थोडं सगळं वाढलं आणि जरा लांब, एका दगडावर नेऊन ठेवलं. ‘‘कावळ्यांना,’’ ती म्हणाली. मला वाटलं, सहलीला गेलं की कावळ्यांनाही देतात.

पोशाचा भाऊ तेवढ्यात एका जाळेवाल्याकडून ताजी बोयटं घेऊन आला, अजून तडफडणारी. आबा खूश झाले. ‘‘वा! तीन दगड मांड, दोन भाजून टाक.’’ आमच्या घरात मासळी चालत असे, आणि वहिनीच्या हातची मासळी आळीत नावाजलेली होती.

‘‘आज नको,’’ वहिनी म्हणाली.

‘‘का? वार तर नाही कसला.’’

तिने पोशाला आणि त्याच्या भावाला पानावर वडे वाढले, खीर वाढली. पोशाने पान पाहिलं आणि त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात हसला.

‘‘वैनीबाय, वडं नि खीर! आज कुनाचा सराद हाय का काय?’’

आणि लगेच जीभ चावली, कारण वहिनीचा चेहरा त्याने पाहिला.

आबांचा हात पानावरच राहिला. त्यांनी वडा पाहिला, चटणी पाहिली, लांबच्या दगडावरचा पानाचा तुकडा पाहिला. अजून एकही कावळा आलेला नव्हता.

‘‘पोशा, आज तिथी काय?’’

‘‘नवमी, आबासाब. वद्य नवमी. म्हून तं पानी असा.’’

मार्गशीर्ष वद्य नवमीला माझी आई गेली. आमच्याकडे श्राद्धाच्या तिथ्या आजी सांभाळायची. भटजींना आदल्या दिवशी सांगणं, दर्भ, तीळ, सगळं तिचं. आबांच्या कचेरीत इंग्रजी तारखांचं कॅलेंडर होतं, आणि त्यांना त्या दिवशी सुट्टी आहे एवढंच त्यावर दिसलं होतं. माझ्या तोंडात खिरीचा घास होता. तो गिळावा की टाकावा हे मला कळेना. खीर गोड होती, वेलदोडा घातलेली, आणि तोंडात असेपर्यंत गोडच लागत राहिली.

‘‘तुला ठाऊक होतं,’’ आबा म्हणाले.

‘‘होतं.’’

‘‘आणि तू बोलली नाहीस.’’

‘‘इकडच्या लक्षात येईल असं वाटलं होतं.’’ तेव्हाच्या बायका नवऱ्याशी अशाच बोलत, समोरच्या माणसाला ‘इकडे’ म्हणून. ‘‘नाही आलं. मग ही उंबऱ्यावर बसलेली दिसली. शाल घेऊन. मी हिच्या आईला विचारलं, आज हिला नेऊ का म्हणून.’’

‘‘टाकाला विचारलंस!’’ आबांचा आवाज फाटला. ‘‘आणि काय म्हणाली ती?’’

‘‘काही नाही म्हणाली. बोलायचीच असती तर आधी इकडे बोलली असती.’’

इतकं धारदार वहिनी त्याआधी कधी बोलली नव्हती, पुढेही नाही. आबा उठले. ‘‘पोशा, होडी फिरव. घरी चल.’’

‘‘आबासाब, पानी उतरतंय अजून. भरती लागल्याबिगर होरी कशी फिरंल? दोन मानसांचा वल्हा नाय पुरायचा.’’

‘‘मग इथेच थांबू.’’

आम्ही थांबलो. त्या थांबण्याइतकं लांबलचक काही मला आठवत नाही. चिंचेची बारीक पानं आमच्या पानांवर पडत होती. पोशा होडीत तोंड फिरवून बसला होता. मी रडत नव्हते. आई गेली त्या दिवसाचं दुःख मला व्हायला हवं आहे हे समजत होतं, आणि मी ते शोधत होते. मला सापडत होता तो फक्त समुद्र, जो एका वळणापलीकडे होता आणि आता दिसणार नव्हता. मी रडले ते शेवटी त्यासाठी. आबांना वाटलं आईसाठी. त्यांनी मला जवळ ओढलं. वहिनीला मात्र कळलं. तिला माझं रडणं वेगवेगळं ओळखता येत असे.

‘‘थांबायचंच आहे तर पुढे जाऊन थांबावं,’’ ती म्हणाली. ‘‘पाणी तिकडेच नेतंय. हिला दाखवावं. यात जे पाप असेल ते माझं.’’

आबा होडीत जाऊन बसले.

वसईच्या किल्ल्याचा तट उजव्या हाताला आला तेव्हा देवळाच्या घंटा वाजत होत्या, ख्रिस्ती लोकांच्या. काठाने नवे कपडे घातलेली माणसं चालली होती, पोरांच्या हातांत काहीतरी गोड होतं. ‘‘आला गो बाय,’’ पोशा हळूच म्हणाला. मी उभी राहिले.

समोर चिखल होता. लांबच लांब, करडा, ओला, त्यात रुतलेल्या दोन होड्या. चिखलाच्या पलीकडे तांदळाच्या धुवणासारखं पाणी, आणि त्याच्या पलीकडे एक फिकट रेघ. ती रेघ कुठे संपते ते दिसत नव्हतं, एवढाच तो समुद्र. मला तो पुरला. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वारा तोंडात शिरत होता आणि ओठ खारट होत होते, आणि या खेपेस मी बोट बुडवलं नव्हतं.

आबा गुडघाभर पाण्यात उतरले. तीळ नव्हते, दर्भ नव्हते, भटजी नव्हते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने दक्षिणेकडे तोंड करून दोन्ही हात वर करावेत आणि माझ्याकडे काही नाही एवढंच पितरांना सांगावं, असं शास्त्रात आहे म्हणतात. आम्ही सगळे पश्चिमेला बघत होतो. ते एकटे डावीकडे वळून, हात वर करून उभे राहिले. इंग्रजी शिकलेले, भटजींची चेष्टा करणारे माझे आबा. त्यांच्या कोटाच्या बाह्या खाली घसरल्या होत्या आणि मनगटं फार बारीक दिसत होती. वहिनी माझ्यामागे बसली होती. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

भरती लागल्यावर आम्ही परतलो. त्यानंतर मचवा पाण्यात उतरला नाही. दोन पावसाळे काठावर उलटा पडून होता, मग त्याच्या फळ्या झाल्या, मग सरपण.

आबा वहिनीला त्यानंतर एका शब्दाने बोलले नाहीत, चांगलं ना वाईट, त्या दिवसाबद्दल. शब्दाची गरजही पडली नाही. वहिनीची तीन मुलं जन्मली आणि त्यांतलं एकही महिनाभर जगलं नाही. बंदरावरची गोष्ट बंदरावर राहत नाही. पोशाच्या घरातून ती धुणं धुणाऱ्या बायकांत आली, त्यांच्यातून आळीत. सवत कोपली, बायका म्हणत. दर वेळी बाळंतपणाच्या खोलीतून ओवा आणि शेपा यांच्या धुरीचा वास यायचा, आणि मग तो एकाएकी यायचा थांबायचा. वहिनी त्या बायकांना कधी उलटून बोलली नाही. तिला ते खरं वाटत होतं. टाक घासून घासून तिने इतका लख्ख केला की त्यावरची नाकडोळे असलेली बाई पार पुसली गेली.

आणि मी वाढले. मला शाळेत घालायचा हट्ट वहिनीचा. मुंबईला इंग्रजी शिकायला पाठवताना आजी अडून बसली, तेव्हाही वहिनीच. माझी मुलं जगली, त्यांना मुलं झाली, तुम्ही समुद्रापलीकडे जाऊन राहिलात. मी शिकलेली आहे. मूल का दगावतं याची कारणं मी पुस्तकांत वाचलेली आहेत आणि ती मला पटतात. तरीही तुमच्यापैकी कोणी जन्मल्याची तार आली की माझ्या मनात पहिल्यांदा जे येतं, ते आनंदाचं नसतं. वहिनीच्या वाट्याचं आणखी एक माझ्याकडे आलं, असं येतं.

आबा गेल्यावर मी कल्याणला अधूनमधून जायची. वहिनी म्हातारी होत चालली होती. विधवेचं लाल लुगडं, डोक्यावर पदर, गुडघे दुखत. संध्याकाळी मी तिला धरून बंदरावर आणायची आणि आम्ही याच पायऱ्यांवर बसायचो. त्या तेव्हा अजून खालपर्यंत शाबूत होत्या. एकदा ती पाण्याकडे बघत म्हणाली,

‘‘समुद्र कसा होता गं?’’

‘‘कुठला?’’

‘‘आपण गेलो होतो तो.’’

‘‘अगं, तू होतीस की होडीत. माझ्या मागेच बसली होतीस.’’

‘‘होते. पण मी डोळे मिटून घेतले होते. पोशा ‘आला’ म्हणाला तेव्हापासून होडी फिरेपर्यंत.’’

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

‘‘पाप माझं, असं म्हटलं होतं ना मी,’’ ती म्हणाली. ‘‘मग त्यातलं सुखही मीच कसं घ्यायचं? ते तुझं. सांग ना, कसा होता?’’

मोठा होता, निळा होता, लाटा होत्या, असं म्हणायला मला काय हरकत होती? नंतर मी किती समुद्र पाहिले होते. त्यातला एखादा चांगलासा तिला देता आला असता. पण ती इतक्या विश्वासाने बघत होती की मला खोटं बोलवेना. मी जसा होता तसा सांगितला. चिखल, रुतलेल्या होड्या, तांदळाचं धुवण, रेघ.

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. ‘‘अगं बाई! आणि मी इतकी वर्षं मनात केवढा मोठा धरून ठेवलाय!’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘नवमी ना गं ती. पाणी कमीच असायचं. अमावास्येला गेलो असतो तर दिसला असता. आपली तिथी दोन्हीकडून चुकली.’’

मीही हसले. ‘‘आता वसईला गाडी जाते,’’ मी म्हटलं. ‘‘या अमावास्येला जाऊ. मी नेते तुला.’’

‘‘नको.’’ तिने डोळे पुसले. ‘‘आता तो बघितला तर हा जायचा.’’

खाली पाणी चढू लागलं होतं. सगळ्यात खालची पायरी बुडाली, मग तिच्यावरची. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला.

‘‘थांब जरा,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.